पैलवानाची पाठ

आमच्या आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, आयुष्यात एकाच माणसाची दृष्ट काढली, आणि तो माणूस कॅलेंडरवर होता. आम्हा भावंडांची दृष्ट आई काढायची. आप्पा तिला हसायचे. पण गावच्या जत्रेच्या आदल्या दिवशी तेच आप्पा मूठभर मीठ-मोहऱ्या घेऊन भिंतीवरच्या पैलवानासमोर उभे राहायचे, कुणी बघत नाही ना याची खात्री करायचे आणि भराभर हात ओवाळून मोकळे व्हायचे. कॅलेंडर कुठल्याशा खताच्या दुकानाचं होतं. तारखांची पानं केव्हाच फाटून गेली होती, पैलवान तेवढा राहिला होता. लाल लांग, मांडीवर पडलेला हात, मोडून चुरगळलेले कान, आणि चेहऱ्यावर असा भाव की फोटोवाल्यानं आता लवकर आटपावं.

पैलवान फार मोठा. आमच्या बेळगावकडच्या भागात त्याचं नाव निघालं की अजून म्हातारी माणसं सरळ होऊन बसतात. ते नाव मी इथं लिहिणार नाही, कारण पुढं जे सांगायचं आहे ते त्यांच्या नावावर लागलेलं त्यांना चाललं नसतं. आप्पांची गावात पिठाची गिरणी होती. पट्टा गरगरत असताना, एकमेकांचं बोलणं ऐकू येत नसताना, ते दळण घेऊन आलेल्या बायकांना त्याच्या कुस्त्या ओरडून सांगायचे. बायका मान हलवायच्या. करतील काय, पीठ अजून आप्पांच्या हातात असायचं.

आई गेली तशी गिरणी विकून मी आप्पांना बंगळुरूला घेऊन आले. मी इथं फिजिओथेरपिस्ट आहे, लोकांच्या घरी जाऊन व्यायाम करून घेते. नवरा बोम्मसंद्र्याच्या कारखान्यात, तो सकाळी जातो तो अंधार पडल्यावरच येतो. दिवसभर आप्पा एकटे. गावाकडं त्यांना कन्नड मराठीइतकंच यायचं, पण इथल्या दुकानदारांना त्यांचं कन्नड अर्धंच कळे. "हितल्या बोलण्यात मीठच न्हाई गे," म्हणायचे. मग तेही बोलणं टाकून गॅलरीत बसायचे आणि लांबून येणाऱ्या बसवरचे आकडे वाचायचे. नजर अशी की चौकातला बोर्ड आमच्या तिसऱ्या मजल्यावरून वाचत. सत्तरी उलटली तरी चष्मा नाही, याचा त्यांना गिरणीपेक्षा जास्त अभिमान होता. पण जेवण कमी होत चाललं होतं, आणि बोलणं त्याहून कमी. काय करावं ते मला सुचत नव्हतं.

अशात मला महादेवपुऱ्यातला एक पेशंट मिळाला. पक्षाघात, डावी बाजू गेलेली, मराठीशिवाय धड बोलत नाहीत, म्हणून तुम्हीच जा, असा फोन आला. काचेच्या ऑफिसांमागं उंच इमारती आहेत, त्यातल्या एकात वरच्या मजल्यावर ते मुलाकडे राहत होते. मुलगा कंपनीत, सून पुण्याची. मी आत गेले आणि बंगळुरूच्या सवयीनं म्हणाले, "नमस्ते अंकल."

"अंकल कोण गं?" खुर्चीतून आवाज आला. "पैलवान म्हण."

मी आधी कान बघितले. मग हनुवटी बघितली. मग ओळखलं, आमच्या भिंतीवरचा पैलवान. कॅलेंडरवर होता तोवर आम्ही त्याला अरेतुरेच करायचो, मोठ्या माणसांना लांबून सगळेच करतात. समोर बसले होते ते मात्र ‘ते’ होते, आणि त्यांच्या हनुवटीवर सकाळच्या खिरीचा थेंब वाळला होता. पायाला हात लावावा असं फार वाटलं. मी नाडीला लावला.

कामाला सुरुवात झाली आणि पहिल्याच दिवशी गाडी अडली. ते पाठीवर झोपेनात. "अगदी हॉस्पिटलमध्ये पण बाबा नर्सशी भांडले," सून म्हणाली. "रात्रभर कुशीवर, नाहीतर खुर्चीत." पक्षाघातानंतरचे निम्मे व्यायाम पाठीवर पडूनच करायचे असतात, हे मी त्यांना परोपरीनं सांगितलं. ते ऐकत राहिले, आणि मग लहान मुलाला समजवावं तसं मलाच सांगितलं, "पोरी, एकदा पाठ लागली की माणसं उठून घरला जात्यात."

मी गिरणीवाल्याची मुलगी. कुस्ती मला गिरणीच्या आवाजासकट पाठ होती. पाठ टेकली की संपलं, हे मला कुणी शिकवायला नको होतं. दोन दिवस विचार केला आणि तिसऱ्या दिवशी म्हणाले, "पैलवान, खाली पडल्यावर खांदे टेकू नयेत म्हणून कंबर उचलून ब्रिज करतात ना? माझा व्यायाम तोच आहे. पाठीवर पडायचं नाहीये, पाठीवरून उठायचंय."

"तुला कुणी सांगितलं हे?"

"आमच्या आप्पांनी."

ते तयार झाले, पण अटीवर. दार लावायचं. सुनेनं आत यायचं नाही, मुलानंसुद्धा नाही. "हे हितनं भायेर जाता कामा न्हाई," म्हणाले. मी हो म्हटलं. मग जमिनीवर जाड गादी घातली, त्यांना धरून हळूहळू आडवं केलं. पाठ गादीला लागली तेव्हा त्यांनी डोळे गच्च मिटून घेतले. एवढ्या वर्षांत ती पाठ जमिनीला लागलेली कुणी पाहिली नव्हती. मला ती पाहायला मिळाली याचा काही मान वाटला नाही, नुसतं रडू आलं.

त्यांना पुन्हा एकदा आखाड्यात उतरायचं होतं. कुस्ती लावून द्यायला, आणखी कशाला नाही. गावच्या जत्रेत शेवटची कुस्ती मोठ्या माणसाच्या हातानं लावतात. तो आखाड्यात जातो, दोन्ही पैलवानांचे हात एकमेकांच्या हातात देतो आणि बाजूला होतो. गाववाले त्यांना बोलवत होते, खुर्चीतून नेऊ म्हणत होते. "लाल मातीत खुर्ची न्यायची न्हाई," हे त्यांचं उत्तर. म्हणून ब्रिज. म्हणून रोज दार लावून, दात-ओठ खाऊन, कंबर उचलायची. डावा पाय मी धरून ठेवायचे. आधी नुसती थरथर व्हायची. मग एक दिवस कंबर गादीपासून सुटली, माझी ओंजळ खालून जाईल एवढी, आणि ते छताकडं बघून इतके मोकळे हसले की मला कॅलेंडर आठवेना.

त्याच दिवशी मी विचारलं, आमच्या आप्पांना भेटायला आणू का.

"आण की," ते म्हणाले. "पण ऐतवारी. दाढी करून, फेटा बांधून खुर्चीत बसतो. मग आण."

घरी येऊन आप्पांना सांगितलं. ते उठून आत गेले, ट्रंकेतलं धोतर काढलं आणि मला इस्त्री मागितली. त्या रात्री दोन भाकऱ्या जास्त खाल्ल्या. दुसऱ्या दिवशी केस कापून आले, न्हाव्याला काय सांगितलं कुणास ठाऊक, त्यानं पैसे कमी घेतले म्हणाले. आई गेल्यापासून पहिल्यांदा घरात कुस्त्यांच्या गोष्टी सुरू झाल्या. मग मध्येच थांबून विचारलं, "आणि खुराक?"

आमच्याकडची रीत अशी की जत्रेला पैलवान उतरला की गाववाल्यांनी त्याच्याकडं खुराक न्यायचा. दूध, बदाम, तूप, ज्याला जे जमेल ते. पण तो आदल्या दिवशी किंवा त्याच्या आधी. ज्या दिवशी कुस्ती त्या दिवशी बाहेरचं काही वस्ताद त्याच्या तोंडाला लागू देत नाही, आणि आणणाऱ्याकडं लोक संशयानं बघतात.

"आप्पा, रविवारी कुस्ती नाहीये," मी हसून म्हटलं. "तुम्ही नुसते या."

"सरी," ते म्हणाले, बरं म्हणायला इथल्या दुकानदारांसारखं. मला वाटलं, पटलं.

शुक्रवारी ते निघाले. कसे गेले ते नंतर कळलं. आमच्या मागच्या तळ्याकडं अजून एक गोठा आहे, तिथून म्हशीचं दूध आणलं, भिजवलेले बदाम माझ्या मिक्सरवर वाटून त्यात घातले, गावाहून आणलेली कडीची किटली भरली आणि ती दोन पायांत धरून रिक्षानं महादेवपुऱ्यापर्यंत गेले. इमारतीचं नाव मीच कौतुकानं सांगितलेलं होतं. फाटकावरच्या माणसानं किटली बघून त्यांना दूधवाला ठरवलं आणि सामानाच्या लिफ्टनं वर पाठवलं. सुनेनं दार उघडलं तर म्हणाले, व्यायामवाल्या बाईंचा बाप. तिला वाटलं मीच बोलावलंय. तिनं खोली दाखवली.

दार उघडलं तेव्हा पैलवान गादीवर उताणे होते. गुडघे वर, सदरा छातीपर्यंत सरकलेला, सैल पडलेलं पोट, आणि त्यांचा निर्जीव डावा पाय माझ्या मांडीत. कंबर उचलायचा तिसरा की चौथा प्रयत्न फसला होता आणि त्यांना धाप लागली होती. मी मान वळवली तर दारात आप्पा, इस्त्रीच्या धोतरात, हातात किटली.

पैलवानांनी कुशीवर वळायला बघितलं. उजवं अंग वळलं, डावं मागंच राहिलं. पुन्हा पाठीवर आले. माझे हात त्यांच्या पायात अडकलेले.

"कोण हाय?" पैलवानांनी विचारलं. त्या आवाजात जी भीती होती ती मी आधी कधी ऐकली नव्हती, आणि मला ती ऐकावी लागायला नको होती.

आप्पांनी मोकळा हात पुढं केला आणि हवेत चाचपडले. "मी दूध घेऊन आलोय," ते म्हणाले. "डोळ्यानं दिसत न्हाई बघा मला. मोतीबिंदू. कुणीतरी हात धरा की."

चौकातल्या बसचा बोर्ड वाचणारा माझा बाप भिंत चाचपत उभा होता. मी उठले, त्यांचा हात धरला. खिडकीपाशी खुर्ची होती, तिचं तोंड बाहेर होतं, तिच्यात त्यांना बसवलं. मग परत येऊन पैलवानांना कुशीवर घेतलं, बसतं केलं, सदरा ओढला, खुर्चीत उचललं. बराच वेळ लागला. तेवढा वेळ आप्पा खिडकीखालच्या पाण्याच्या टँकरकडं बघत बोलत राहिले. आंब्याच्या झाडावर बसून बघितलेली पैलवानांची एक कुस्ती, समोरचा पैलवान कसा अंगानं दुप्पट होता, कसा त्याला यांनी ढाक मारून पालथा-उताणा केला, लोकांनी टोप्या कशा उडवल्या आणि घरी जाताना निम्म्या गावाच्या डोक्यावर दुसऱ्याच्या टोप्या कशा होत्या.

मी खुर्ची फिरवली. दोघं समोरासमोर झाले.

"मी दिसतच न्हाई व्हय तुमाला?" पैलवानांनी विचारलं.

"सावली दिसती," आप्पा म्हणाले. "दांडगी सावली हाय."

पैलवानांनी त्यांच्या हातून दूध घेतलं. अर्धं गळ्यावर सांडलं. आप्पा तिकडं बघत होते आणि बघत नव्हते.

परतीच्या रिक्षात मला रागही आला होता आणि त्यांना जवळ घ्यावंसंही वाटत होतं. सिग्नलला रिक्षा थांबली तेव्हा आप्पा म्हणाले, "जल्मात कुणाला जमलं न्हाई. माझ्यामुळं पाठ लागली त्यांची." मग धोतराच्या सोग्यानं तोंड पुसलं. थोड्या वेळानं म्हणाले, "मला काळा चष्मा घेऊन दे. ऐतवारी जायाचं हाय."

त्यानंतर दर रविवारी आप्पा आंधळे होत. फाटकापासून माझा दंड धरत, लिफ्टच्या बटणाला मुद्दाम हात लावून बघत, उंबऱ्याला अडखळत. पैलवान फेटा बांधून बसलेले असत. टीव्हीवर कुस्त्या लागायच्या आणि पैलवान आप्पांना त्या सांगायचे. आता लाल लांगवाल्यानं पट काढला, आता निळा मागं गेला. त्यांचा मेंदू आता दगा द्यायचा, डावांची नावं चुकायची, कधी तर हरणारा जिंकला म्हणून सांगायचे. आप्पा समोर सगळं बघत असायचे आणि "वा पैलवान, मग?" म्हणायचे. गिरणीत ज्यांनी कुणाचा एक डाव चुकीचा चालवून घेतला नव्हता, ते आप्पा.

एकदा सुनेनं चहा आणून तिपाईवर ठेवला आणि बोलण्याच्या नादात आप्पांनी चाचपडायचं विसरून सरळ कप उचलला. पैलवान टीव्हीकडं बघत होते. ते टीव्हीकडंच बघत राहिले. मी आप्पांना हे कधी सांगितलं नाही.

पण सोमवार ते शनिवार मी जायचे ती वेगळ्याच घरात. त्या शुक्रवारनंतर पैलवान गादीवर आले नाहीत. मी गादी घालायला लागले की म्हणत, "खुर्चीत काय हुतंय ते करू." मी विनवण्या केल्या, रागावले, कंबर सुटली होती त्या दिवसाची आठवण दिली. ब्रिज केल्याशिवाय उभं राहणं नाही, उभं राहिल्याशिवाय आखाडा नाही, हे त्यांना माझ्याइतकंच ठाऊक होतं.

"जत्रेला जायचंय ना, पैलवान?"

"जाऊन आलो म्हणायचं," ते म्हणाले. "तुझा बाप सांगतो की सगळी जत्रा हितं बसून."

आप्पा त्यांच्यासाठी रविवारी डोळे मिटत होते, आणि ते त्याची परतफेड करावी तसे रविवारची वाट बघत होते. उरलेले सहा दिवस त्यांचं अंग गळत चाललं होतं. जत्रेचा हंगाम आला आणि गेला. गाववाल्यांनी दुसऱ्या कुणाच्या हातानं कुस्ती लावली. आप्पांनी मला पुन्हा पुन्हा विचारलं, "कंबर उचलत्यात का?" मी "हळूहळू" म्हणायचे. त्यांना कळत होतं. ते विचारायचे बंद झाले तेव्हा मला जास्त वाईट वाटलं.

पावसाळ्यात पैलवानांच्या छातीत कफ झाला आणि त्यांना दवाखान्यात हलवलं. मी भेटायला गेले. आतल्या विभागात एकेकालाच सोडत होते. ते पाठीवर होते. सपाट उताणे, दोन्ही खांदे टेकलेले, तोंडात नळी, उजवा हात पट्टीनं पलंगाला बांधलेला, कारण ते त्या हातानं वळायला बघतात, असं नर्स कन्नडमध्ये म्हणाली. मी तिला म्हटलं, स्वल्प कुशीवर घ्या ना. ती म्हणाली, घेता येत नाही अक्का, मशीन लावलंय. तिचं काही चुकत नव्हतं. बाहेरच्या काचेतून येणारे-जाणारे लोक बघत होते. मी पडदा ओढला आणि माझी वेळ संपेपर्यंत पडद्याला पाठ लावून उभी राहिले. एवढंच माझ्या हातात होतं.

मुलाचा फोन दुसऱ्या दिवशी सकाळी आला. आप्पा गॅलरीत होते, काळा चष्मा सदऱ्याच्या खिशात. रविवार होता. त्यांनी धोतर नेसलं होतं, किटली घासून ठेवली होती. पैलवान गेले, मी सांगितलं.

ते खाली रस्त्याकडं बघत राहिले. एक बस आली, गेली. आकडा त्यांनी वाचला नाही.

"तू काल बघून आलीस की," मग त्यांनी विचारलं. "कसे हुते? पाठीवर?"

"नाही आप्पा," मी म्हणाले. "कुशीवर होते. उजव्या कुशीवर. झोप लागल्यासारखे."

आप्पांनी मान वळवली आणि माझ्या तोंडाकडं बघितलं. नजर त्यांची अजून चांगली होती. मग त्यांनी खिशातला काळा चष्मा काढला, धोतराच्या टोकानं दोन्ही काचा पुसल्या आणि माझ्या हातात दिला.

"ठेव," ते म्हणाले. "आता तुला लागंल."